जुनी, स्वस्त गाडी घेतल्याने खरोखर पैसे वाचतात का? हिशेब मांडण्याची पद्धत

घरखर्चाचा ताळमेळ बसेनासा झाला की गाडीकडे लक्ष जाते. आहे ती गाडी विकावी, तिच्या निम्म्या किमतीची एखादी जुनी गाडी घ्यावी आणि उरलेली रक्कम बाजूला टाकावी, हा विचार इतका सरळ वाटतो की त्याचा हिशेब कागदावर मांडण्याची गरज अनेकांना भासत नाही. मात्र दोन गाड्यांच्या किमतींतला फरक म्हणजे बचत नव्हे. तो फरक म्हणजे गाडीत अडकलेले आणि आता मोकळे झालेले भांडवल. ते आधीही तुमचेच होते. बचत ठरते ती पुढची काही वर्षे या दोन गाड्या बाळगण्यासाठी किती खर्च येईल यावरून, आणि तो फरक बहुतेक वेळा अपेक्षेपेक्षा बराच लहान निघतो. काही वेळा तो उलट्या बाजूलाही जातो.

हा हिशेब पायरीपायरीने कसा मांडायचा ते पुढे दिले आहे. उदाहरणांत कोणतेही चलन वापरलेले नाही. तुमच्या सध्याच्या गाडीला आज बाजारात मिळू शकणारी किंमत १०० धरली आहे आणि बाकीचे आकडे त्या प्रमाणात मांडले आहेत. ते समजण्यापुरते घेतलेले आहेत. त्यांच्या जागी तुम्ही स्वतःचे आकडे घालायचे.

पायरी १ : सध्याच्या गाडीचा वर्षाचा खरा खर्च काढा

सर्वप्रथम एक गोष्ट मनातून काढून टाकावी लागते, ती म्हणजे गाडी घेताना मोजलेली रक्कम. ती गेली. आज निर्णय घेताना फक्त दोन आकड्यांना अर्थ आहे : आज विकली तर हातात किती पडतील, आणि आणखी तीन वर्षांनी विकली तर किती पडतील. या दोहोंतला फरक म्हणजे पुढच्या तीन वर्षांचा घसारा. तो कुठल्याही बिलावर छापलेला नसतो, त्यामुळे जाणवत नाही; पण नव्या किंवा नव्यासारख्या गाडीच्या बाबतीत सर्वांत मोठा खर्च बहुधा तोच असतो.

घसारा दरवर्षी सारखा होत नाही. नवी गाडी साधारणपणे पहिल्याच वर्षात आपल्या किमतीचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक गमावते, चार-पाच वर्षांत ती निम्म्याच्या आसपास येते, आणि त्यानंतर उतार मंदावत जातो. मॉडेलनुसार यात बराच फरक पडतो, परंतु उताराचा आकार बहुतेक ठिकाणी असाच दिसतो. यातून निघणारा निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे. तुमची गाडी दोन वर्षांची असेल, तर ती अजून त्या तीव्र उतारावर आहे आणि ती विकल्याने खरोखर मोठा खर्च थांबू शकतो. ती आठ वर्षांची असेल, तर तिचा बहुतांश घसारा तुम्ही आधीच सोसलेला आहे. आता तिच्याकडून स्वस्तात काम करून घेण्याचे दिवस आले असताना ती दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे महागडा भाग स्वतः भरून फायद्याचा भाग सोडून देणे होय.

आजची किंमत ठरवताना विक्रेत्यांनी जाहिरातीत मागितलेल्या रकमांवर विसंबू नका, कारण त्या रकमांना व्यवहार होत नसतात. दोन-तीन ठिकाणी गाडी प्रत्यक्ष दाखवून मिळालेला भाव खरा. तीन वर्षांनंतरची किंमत काढायची सोपी युक्ती म्हणजे त्याच मॉडेलच्या, तुमच्या गाडीपेक्षा तीन वर्षांनी जुन्या गाड्यांना आज काय भाव मिळतो ते पाहणे. त्यानंतर गेल्या दोन वर्षांच्या पावत्या काढून सर्व्हिसिंग, दुरुस्ती, टायर, विमा, कर आणि इंधन यांची वर्षाची सरासरी मांडा. आठवणीने लिहिलेला आकडा जवळपास नेहमीच कमी असतो, कारण माणसाला मोठी बिले आठवतात आणि लहान लहान विसरली जातात.

पायरी २ : जुनी गाडी हवी की लहान गाडी, हे वेगळे करा

या विषयातली सर्वांत मोठी गफलत इथे होते. ‘स्वस्त गाडी’ म्हणताना दोन पूर्णपणे भिन्न गोष्टी एकत्र केल्या जातात : एक म्हणजे मुळातच साधी, लहान, कमी किमतीची गाडी आणि दुसरी म्हणजे एकेकाळी महाग असलेली, पण आता वयामुळे स्वस्त झालेली गाडी. बाजारात दोघींची किंमत आज सारखी दिसू शकते. पदरी पडल्यावर मात्र त्यांचा खर्च अजिबात सारखा नसतो.

गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. दहा वर्षांपूर्वी ज्या गाडीची किंमत साध्या गाडीच्या तिप्पट होती, तिचे ब्रेक डिस्क, शॉकॲब्झॉर्बर, हेडलाइट आणि टायर आजही तिप्पट किमतीच्या गाडीला साजेशा भावानेच येतात. एअर सस्पेन्शन, मोठ्या व्यासाची चाके, टर्बो, अनेक गिअरची ऑटोमॅटिक ट्रान्समिशन, विजेवर चालणारी आसने आणि डझनभर सेन्सर यांतले एकेक यंत्र नव्या गाडीत सुख देते आणि वॉरंटी संपलेल्या गाडीत खर्चाचे एकेक दार उघडते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की पैसे वाचवणे हाच हेतू असेल तर उतरायचे ते आधी आकाराने आणि गुंतागुंतीने, वयाने नंतर. चार-पाच वर्षे वयाची साधी हॅचबॅक आणि अकरा वर्षे वयाची आलिशान सेदान एकाच किमतीला मिळत असतील, तर पहिलीच घ्यावी.

मॉडेल निवडताना त्याचे सुटे भाग कोठेही सहज मिळतात का, मूळ कंपनीशिवाय इतर उत्पादकही ते बनवतात का, आणि साध्या वर्कशॉपमधला मेकॅनिक त्या इंजिनाला हात घालतो का, हे तीन प्रश्न विचारा. मोठ्या संख्येने विकले गेलेले मॉडेल या कसोटीवर दुर्मीळ मॉडेलपेक्षा जवळजवळ नेहमीच सरस ठरते. उत्पादन बंद झालेल्या किंवा एखाद्या बाजारातून माघार घेतलेल्या ब्रँडची गाडी स्वस्त मिळते त्यामागे कारण असते.

पायरी ३ : बदलाचा एकवेळचा खर्च लिहून काढा

एक गाडी विकून दुसरी घेताना वाटेत बरीच गळती होते. घाईने विकल्यास मिळणारा कमी भाव, मध्यस्थाची कमाई, मालकी हस्तांतराचे शुल्क, कर, तपासणीची फी, विम्याची अदलाबदल आणि कर्ज असल्यास ते मुदतीआधी फेडण्याचे शुल्क, हे सगळे यात येते. हे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून गाडी पुन्हा वर्षभरात बदलावी लागली तर हा खर्च दुसऱ्यांदा बसतो.

त्याहून मोठी रक्कम बहुधा सुरुवातीच्या कामाची असते आणि तीच हिशेबातून निसटते. माणूस गाडी कधी विकतो याचा विचार करा : टायर बदलायला आले आहेत, बॅटरी मान टाकू लागली आहे, मोठी सर्व्हिसिंग जवळ आली आहे, अशा वेळी. मालकाने टाळलेले काम नव्या मालकाच्या गळ्यात पडते. त्यामुळे जुनी गाडी घेतल्याबरोबर इंजिन ऑइल व सगळे फिल्टर, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव), ब्रेक ऑइल, गरज असल्यास टायर, बॅटरी आणि टायमिंग बेल्ट एवढे तरी करावे लागेल असे धरूनच चालावे.

यांतला टायमिंग बेल्ट विशेष लक्ष देण्याजोगा आहे. अनेक इंजिनांत हा रबरी पट्टा क्रँकशाफ्ट (पिस्टनांना जोडलेला दांडा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांची गती जुळवून ठेवतो आणि उत्पादकाने सांगितलेल्या किलोमीटरनंतर किंवा वर्षांनंतर, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, तो बदलावा लागतो. ज्या इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्या हालचालीची जागा सामाईक असते, तिथे पट्टा चालू गाडीत तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन उघडावे लागते. पट्टा बदलल्याची पावती विक्रेता दाखवू शकत नसेल तर तो बदललेलाच नाही असे समजा आणि ती रक्कम किमतीतून कमी करून मागा. पट्ट्याऐवजी साखळी असलेल्या इंजिनांत हा नियमित खर्च नसतो. मात्र ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत साखळीही सैल होते आणि ती बदलणे अधिक महाग पडते.

पायरी ४ : दुरुस्तीचा अंदाज बांधा, पण सरासरीवर विसंबू नका

जुन्या गाडीची दुरुस्ती दोन प्रकारची असते. पहिला प्रकार झिजेचा : क्लचप्लेट, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे बुश, शॉकॲब्झॉर्बर, व्हील बेअरिंग, रेडिएटरचे होज, वॉटर पंप. यांचे वेळापत्रक ढोबळमानाने बांधता येते, कारण हे भाग ठरावीक वापरानंतर जातातच. साधी लेड-ॲसिड बॅटरी तीन ते पाच वर्षे टिकते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि गाडी कमी चालली असली तरी साधारण दर दोन वर्षांनी ते बदलावे लागते. हे खर्च वर्षांवर वाटून मांडता येतात.

दुसरा प्रकार मोठ्या कामाचा आहे : गिअरबॉक्स, टर्बो, हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या व खालच्या भागांमधली सील), एसी कॉम्प्रेसर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, डिझेल गाडीतला पार्टिक्युलेट फिल्टर किंवा इंजेक्टर. यांपैकी काहीच न होता तीन वर्षे निघून जाऊ शकतात, किंवा गाडी घेतल्यावर दुसऱ्याच महिन्यात काम निघू शकते. सरासरी खर्च काढला तरी तुमची एकच गाडी आहे, शंभर नाहीत. म्हणून सरासरी वार्षिक खर्चाखेरीज एका मोठ्या कामाची रक्कम हाताशी असल्याशिवाय जुन्या गाडीकडे वळू नये. ज्याच्याकडे ही रक्कम नाही, त्याला गाडी बिघडल्यावर महागड्या दराने उसने काढावे लागते आणि वाचवलेले सगळे तिथे जाते. नेमक्या ज्यांना बचतीची सर्वाधिक गरज असते त्यांच्याच बाबतीत हे घडते, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून हा मुद्दा जोर देऊन सांगत आहे.

डिझेल गाडीबाबत आणखी एक सूचना. पार्टिक्युलेट फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. रोजचा प्रवास चार-पाच किलोमीटरचा असेल तर फिल्टर तुंबतो. कमी अंतर चालणाऱ्या माणसाने केवळ चांगला ॲव्हरेज मिळतो म्हणून अशी जुनी डिझेल गाडी घेणे टाळावे.

बिघाडाच्या दिवसांचाही हिशेब धरावा. टोइंग, पर्यायी वाहनाचे भाडे आणि बुडालेला कामाचा दिवस हे दुरुस्तीच्या बिलावर येत नाहीत. घरात दुसरी गाडी असेल किंवा सार्वजनिक वाहतूक चांगली असेल तर हा खर्च नगण्य राहतो. रोजीरोटीच गाडीवर अवलंबून असेल तर तो निर्णायक ठरतो.

पायरी ५ : इंधन आणि विमा

इंधनाच्या बाबतीत ॲव्हरेजचा आकडा फसवा असतो. वर्षाला १२,००० किलोमीटर चालणारी गाडी लिटरला १० ऐवजी १२ किलोमीटर देऊ लागली तर १,२०० ऐवजी १,००० लिटर लागतात. २०० लिटर वाचले. तीच गाडी २० ऐवजी २२ किलोमीटर देऊ लागली तर ६०० च्या जागी सुमारे ५४५ लिटर लागतात. वाचले फक्त ५५. दोन्हीकडे फरक दोन किलोमीटरचाच आहे. त्यामुळे तुमची सध्याची गाडी खूप इंधन पिणारी असेल तर लहान गाडीकडे जाण्यात खरी बचत आहे, पण आधीच काटकसरी असेल तर आणखी काटकसरी गाडीच्या शोधात फारसे हाती लागत नाही. हिशेब नेहमी वर्षाच्या लिटरमध्ये करा, किलोमीटर प्रति लिटरमध्ये नको. शिवाय त्याच वर्गातली जुनी गाडी बहुधा नव्या गाडीपेक्षा थोडे जास्तच इंधन घेते, हेही ध्यानात असू द्या.

विम्याचा हप्ता गाडीच्या किमतीच्या प्रमाणात उतरत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग तिच्या किमतीबरोबर कमी होतो. परंतु तुमच्या गाडीमुळे इतरांना झालेल्या इजेची आणि नुकसानीची भरपाई देणारा भाग गाडी स्वस्त झाली म्हणून आपोआप स्वस्त होत नाही, कारण धडक देणारी गाडी जुनी असली म्हणून समोरच्याचे नुकसान कमी होत नाही.

पायरी ६ : बेरीज मांडा

आता एक उदाहरण सलग पाहू. चार वर्षे वयाची गाडी आहे, कर्ज नाही, आजची किंमत १००. तिच्या बदल्यात ४५ किमतीची नऊ वर्षांची गाडी घ्यायचा विचार आहे. वरवर पाहता ५५ वाचतात. मुदत तीन वर्षांची धरू.

सध्याची गाडी दरवर्षी सुमारे १५ टक्क्यांनी उतरली तर तीन वर्षांनी ६१ वर येईल, म्हणजे घसारा ३९. जुनी गाडी दरवर्षी १२ टक्क्यांनी उतरली तर ४५ वरून ३१ वर येईल, म्हणजे घसारा १४. इथे २५ वाचले. विमा पहिल्या गाडीला वर्षाला ४ आणि दुसरीला अडीच लागत असेल तर तीन वर्षांत साडेचार वाचले. घाईच्या विक्रीत ४, हस्तांतर व कर यांत ३ आणि सुरुवातीच्या कामात ७ असे १४ गेल्यावर प्रत्यक्षात मोकळे झालेले भांडवल ५५ नव्हे, ४१ उरते. ते ६ टक्क्यांनी गुंतवले तर तीन वर्षांत साडेसातच्या आसपास व्याज मिळते. जमेच्या बाजूची बेरीज ३७.

खर्चाच्या बाजूला बदलाचे १४ आहेतच. देखभाल-दुरुस्ती पहिल्या गाडीला वर्षाला ४ आणि दुसरीला ८ धरल्यास तीन वर्षांत १२ जास्त, आणि इंधनावर वर्षाला १ याप्रमाणे ३ जास्त. एकूण २९. वजाबाकी केल्यावर तीन वर्षांची निव्वळ बचत ८ निघते.

म्हणजे ५५ दिसत होते तिथे ८ हाती आले, तेही मोठे काम न निघाल्यास. गिअरबॉक्सचे १० चे एक बिल आले की बचत संपून तोटा सुरू होतो. हेच आकडे वर्षवार मांडले तर बदलाचा खर्च दुसरे वर्ष सरत आल्यावर कुठे भरून निघतो, त्यामुळे दीड वर्षात पुन्हा गाडी बदलण्याची शक्यता असलेल्याने या वाटेला जाऊच नये.

आता हेच उदाहरण उलटे करून पाहा. सध्याची गाडी एक वर्षाची आणि मोठी असेल, ती तीन वर्षांत ३९ ऐवजी ४५ गमावणार असेल, आणि तिच्याऐवजी घेतलेली गाडी पाच वर्षांची, लहान व साधी असल्यामुळे इंधनावर वर्षाला १ जास्त लागण्याऐवजी ४ वाचत असतील, तर इंधनाची बाजूच १५ ने सुधारते, घसाऱ्यातली बचत वाढते आणि दुरुस्तीही तितकी महागत नाही. पाच वर्षांची गाडी घ्यायला ४५ पेक्षा थोडे अधिक मोजावे लागले तरी इथे बदल सहज परवडतो. दोन्ही वेळा ‘स्वस्त गाडी घेतली’ असेच म्हटले जाईल.

गाडीवर कर्ज असेल तर

कर्जाच्या बाबतीत महिन्याचा दिलासा आणि एकूण बचत यांत गल्लत होते. पहिल्या उदाहरणातल्या १०० किमतीच्या गाडीवर ७० कर्ज बाकी असून ते ११ टक्क्यांनी तीन वर्षांत फिटणार आहे असे धरा. महिन्याचा हप्ता सुमारे २.३ आणि उरलेले एकूण व्याज साडेबाराच्या आसपास येते. गाडी विकून, कर्ज फेडून आणि बदलाचे सगळे खर्च करून ४५ ची जुनी गाडी घ्यायची तर आणखी २९ कमी पडतात. ते नव्याने उचलावे लागले, आणि वापरलेल्या गाडीचे कर्ज बहुधा चढ्या दराने मिळत असल्याने दर १४ टक्के लागला, तर हप्ता १ च्या जवळ येतो. निम्म्याहून कमी. महिन्याला श्वास घ्यायला जागा मिळाली हे खरेच. पण तीन वर्षांत व्याजाची बचत जेमतेम ६ झाली आणि तीन वर्षांनी हातात असलेली गाडी ६१ ऐवजी ३१ किमतीची आहे. हप्ता थकण्याची वेळ आली असेल तर हा बदल योग्य आहे, कारण थकलेल्या कर्जाचे परिणाम याहून वाईट असतात. तशी वेळ नसेल तर केवळ हप्ता कमी झाल्याचे समाधान ही बचत नव्हे.

बाकी कर्ज गाडीच्या आजच्या किमतीपेक्षा जास्त असेल, तर विकल्यावरही फरक खिशातून भरावा लागतो. तो नव्या कर्जात मिसळून देण्याची तयारी काही जण दाखवतात. ती स्वीकारू नका. विकलेल्या गाडीचे हप्ते नव्या गाडीच्या हप्त्यात दडून तुमच्या मागे राहतात.

पायरी ७ : गाडी थंड असताना तपासा

बेरीज अनुकूल निघाली तरी ती एका गृहीतकावर उभी आहे : घेतलेली गाडी ठीक असेल. आपल्या गाडीचा इतिहास आपल्याला ठाऊक असतो आणि घेणार असलेल्या गाडीचा नसतो. हे अज्ञान कमी करण्यासाठी दिलेली तपासणीची फी हा या साऱ्या व्यवहारातला सर्वांत फायदेशीर खर्च आहे.

विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की इंजिन सुरू करून ठेवू नये. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. तो कोमट लागला तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू करताना कुणाला तरी सायलेन्सरमागे उभे करा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. पांढरा धूर थंडीत काही मिनिटे दिसणे स्वाभाविक आहे, पण इंजिन तापल्यावरही तो दाट राहिला आणि त्याला गोडसर वास आला तर कूलंट जळत असण्याची शक्यता मोठी. ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ पिवळट साय जमलेली असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळले आहे. फक्त जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत ओलाव्यामुळेही थोडी साय दिसू शकते, म्हणून कूलंटच्या टाकीत तेलकट तवंग आहे का तेही पाहा. दोन्ही खुणा एकत्र दिसल्या तर हेड गॅस्केटचा संशय घेऊन सरळ निघून यावे.

टायरच्या कडेवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी खोल दिसत असली तरी दहा वर्षांचा टायर बदलायचाच, आणि चार टायर चार वेगवेगळ्या वर्षांचे व ब्रँडचे असतील तर मालकाने गाडीवर कसा खर्च केला आहे ते त्यातून कळते. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतल्या भागावर चिखलाचा डाग किंवा पाण्याची रेघ असेल तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. आसनांखालच्या रुळांवरचा गंज हेच सांगतो. ब्रेक पेडलचे रबर गुळगुळीत झालेले, स्टिअरिंगचे चामडे चकाकलेले आणि मीटरवर मात्र ४०,००० किलोमीटर, असे चित्र असेल तर मीटर मागे फिरवला असल्याचा संशय घ्यावा.

त्यानंतर निदानयंत्र जोडायला सांगा. विक्रीपूर्वी इंजिनाच्या दिव्यामागचा दोष पुसून टाकणे सोपे असते, पण दोष पुसला की गाडीच्या संगणकातल्या स्वयंचाचण्यांची नोंदही ‘अपूर्ण’ होते आणि ती पूर्ण व्हायला काही दिवसांचे नेहमीचे चालवणे लागते. दोष एकही नाही, पण बऱ्याच चाचण्या अपूर्ण आहेत, असे दिसले तर कुणीतरी नुकतेच काहीतरी पुसलेले आहे किंवा बॅटरी काढलेली आहे. कारण विचारा. चॅसिसवरचा १७ अक्षर-अंकांचा क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहा आणि त्या क्रमांकावर उत्पादकाचे एखादे रिकॉल (सदोष भाग दुरुस्त करण्यासाठी गाड्या परत बोलावणे) प्रलंबित आहे का याची खात्री करा. रिकॉलचे काम अधिकृत ठिकाणी सहसा विनामूल्य करून मिळते.

वापरलेली विजेवरची गाडी घेत असाल तर इंजिनाच्या जागी बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल मागा. अनेक उत्पादक मुख्य बॅटरीवर ८ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात. तिची मुदत किती उरली आहे आणि ती नव्या मालकाकडे हस्तांतरित होते का, यावर तिची किंमत ठरवावी.

सुरक्षेचा प्रश्न मी मुद्दाम पैशाच्या बेरजेत घेतलेला नाही. इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण, अँटी-लॉक ब्रेक आणि पुरेशा एअरबॅग ज्या गाडीत नाहीत ती गाडी कितीही स्वस्त असली तरी कुटुंबासाठी यादीतून आधीच वगळावी. या गोष्टी असलेल्या वापरलेल्या गाड्या पुष्कळ आहेत; मिळणारी बचत त्यांच्या आतच शोधावी.

पायरी ८ : घेतल्यानंतरचे नियम

पहिल्या आठवड्यात सगळी ऑइले आणि फिल्टर बदलून घ्या, त्या दिवसाचे किलोमीटर वहीत लिहा आणि तिथून गाडीवरचा प्रत्येक खर्च तारखेसह नोंदवा. जुना हप्ता बंद झाला असेल तर त्यातली ठरावीक रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाकत राहा. हे खाते नसेल तर मोकळे झालेले पैसे घरखर्चात विरघळतात आणि वर्षाअखेरीस बचत कुठे गेली ते सांगता येत नाही.

कधी तरी मोठे काम निघेलच. त्या वेळी ‘दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त, म्हणून गाडी काढून टाका’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो घाईचा आहे. तुलना गाडीच्या किमतीशी करायची नसून पर्यायाशी करायची असते. दुरुस्त करून ही गाडी आणखी किती महिने विश्वासाने चालेल त्याचा अंदाज मेकॅनिककडून घ्या, बिलाला त्या महिन्यांनी भागा, आणि दुसरी गाडी घेण्याचा महिन्याचा खर्च, घसारा आणि बदलाच्या खर्चासकट, त्याच्या शेजारी लिहा. बाकीची गाडी धडधाकट असताना एकच भाग गेला असेल तर दुरुस्ती बहुधा स्वस्त पडते. परंतु चॅसिसच्या किंवा सस्पेन्शन जोडलेल्या जागेच्या पत्र्याला आरपार गंज लागला असेल, किंवा सहा महिन्यांत तीन वेगवेगळ्या यंत्रणांचे काम निघाले असेल, तर पुढचे बिल येण्याआधी, गाडी चालू स्थितीत असतानाच ती विकावी. बंद पडलेल्या गाडीला मिळणारा भाव चालू गाडीच्या भावापेक्षा पुष्कळ खाली असतो.